आकाशाची वाटसरू : ॲमी जॉन्सन

गेल्या वर्षी भूगोलाच्या तासाला सरांनी वर्गात पृथ्वीगोल आणला होता. दोन दूरच्या गावांमधले सर्वांत जवळचे अंतर सपाट नकाशावर पट्टी ठेवून सापडत नाही, ते गोलावर दोरा ताणून पाहावे लागते, हे त्यांना दाखवायचे होते. पहिल्या बाकावर बसल्याची शिक्षा म्हणून दोऱ्याचे एक टोक माझ्या हाती आले. ते मी लंडनवर धरले. मैत्रिणीने दुसरे टोक ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरील डार्विन या गावावर टेकवले. दोरा ताणला आणि आम्ही चकित झालो. आमची कल्पना होती की तो अरबस्तानावरून, हिंदुस्थानावरून जाईल. तो गेला रशिया, मध्य आशिया आणि चीन यांच्यावरून! आपल्या देशाला तो शिवलासुद्धा नाही. हे अंतर सुमारे १३,८५० किलोमीटर भरते.

तास संपला, दोरा सरांच्या खिशात गेला, पण माझ्या मनातून तो जाईना. एवढे अंतर तोडायला माणसाला किती वेळ लागत असेल, हे शोधायला मी वाचनालयात गेले. २०१८ सालापासून लंडनहून ऑस्ट्रेलियातल्या पर्थपर्यंत कुठेही न थांबता विमान जाऊ लागले. सुमारे १४,५०० किलोमीटरांचे ते अंतर सतरा तासांच्या आसपास कापले जाते. म्हणजे संध्याकाळचे जेवण इकडे आणि दुसऱ्या दिवशीचे तिकडे. त्याच शोधात जुन्या वैमानिकांच्या एका पुस्तकात मला आणखी एक आकडा भेटला. १९३० साली लंडन ते डार्विन हा प्रवास एका मुलीने एकटीने केला होता. तिला लागले होते साडेएकोणीस दिवस. पुढे वाचले आणि त्या मुलीच्या नावापुढची पदवी पाहून मी थांबलेच. ती बी. ए. होती!

तिचे नाव ॲमी जॉन्सन. ज्यांना ते नाव ठाऊक आहे त्यांनी माझे अज्ञान पोटात घालावे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, आणि खरे सांगायचे तर स्वतःसाठीही, मी हे लिहीत आहे.

ॲमीचा जन्म १ जुलै १९०३ रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हल या बंदरात झाला. घरचा धंदा मासळीचा. आजोबा डेन्मार्कहून येऊन हलला स्थायिक झालेले. चार बहिणींत ॲमी थोरली. वडील कर्ते, धंद्यात मुरलेले, पण मुलींच्या शिक्षणाला नाही न म्हणणारे. शाळेत ती मुलांबरोबर क्रिकेट खेळे, आणि असेच एकदा तोंडावर चेंडू बसून तिचे पुढचे दात पडले. लहान मुलीला त्या वयात हसायची लाज वाटू लागली तर त्यात नवल नाही. तिचा काहीसा एकलकोंडा स्वभाव तेव्हापासूनचा, असे तिचे चरित्रकार मानतात.

पुढे शेफील्ड विद्यापीठात तिने अर्थशास्त्र, लॅटिन आणि फ्रेंच हे विषय घेऊन १९२५ साली पदवी मिळवली. पदवी मिळाली आणि प्रश्न उभा राहिला, आता पुढे काय? हा प्रश्न आपल्या महाविद्यालयातल्या कोणत्याही मुलीला समजावून सांगण्याची गरज नाही. ॲमीनेही तेच केले जे आपल्यापैकी पुष्कळजणी करतात. तिने टंकलेखन आणि लघुलेखन शिकून घेतले. हलमध्ये एकदोन ठिकाणी नोकऱ्या केल्या. १९२७ मध्ये ती लंडनला आली, एका मोठ्या दुकानात थोडे दिवस राबली आणि मग एका वकिलाच्या कचेरीत टंकलेखिका झाली. मी स्वतः सध्या संध्याकाळी टायपिंगच्या क्लासला जाते. तेथे यंत्रांच्या खडखडाटात बसले असता मला हटकून तिची आठवण येते. लॅटिन शिकलेली मुलगी दिवसभर दुसऱ्याची पत्रे बडवीत बसली आहे!

त्याच सुमारास तिच्या मनावर एक घाव बसला. एका स्विस तरुणावर तिचे अनेक वर्षे प्रेम होते. १९२८ मध्ये त्याने दुसरीशी लग्न केले. या दुःखातून वर येण्यासाठी तिने काहीतरी धरायला शोधले आणि तिच्या हाती विमान लागले. दोनच वर्षांपूर्वी हलमध्ये पैसे घेऊन माणसांना हवेत फिरवून आणणारे एक विमान आले होते, तेव्हा ती धाकट्या बहिणीबरोबर त्यात बसली होती. त्या वेळी तिला त्यात फार काही वाटले नव्हते. आता मात्र लंडनच्या उत्तरेस स्टॅग लेन येथल्या विमान क्लबात ती सप्टेंबर १९२८ पासून शिकू लागली.

ती उपजत वैमानिक होती, असे मुळीच नाही. उलट तिचा हात जड होता, विमान उतरवताना ते आपटे, आणि पहिल्या शिक्षकाला तिच्याविषयी फारशी आशा नव्हती. इतर शिकाऊंपेक्षा तिला अधिक तास लागले. जून १९२९ मध्ये ती प्रथम एकटी उडाली आणि पुढच्याच महिन्यात तिला परवाना मिळाला. पण नुसते उडवणे तिला पुरेसे वाटेना. यंत्र बंद पडले तर दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहायचे, हे तिला मान्य नव्हते. म्हणून नोकरीच्या आधी आणि नंतर ती क्लबाच्या कर्मशाळेत जाऊ लागली. तेथे सगळे पुरुष. प्रारंभी त्यांना हे लोढणे वाटले असेल, पण तेलाने माखलेले कपडे घालून इंजिनाखाली पडून राहणाऱ्या या मुलीला ते लवकरच मुलाच्या नावाने, जॉनी म्हणून, हाक मारू लागले. वर्ष संपण्यापूर्वी तिने विमान-यंत्रज्ञाचा परवाना मिळवला. ब्रिटनमध्ये असा परवाना मिळवणारी ती पहिली स्त्री होय.

याच वर्षी तिच्या घरावर मोठा आघात झाला. पाठची बहीण आयरीन हिने आत्महत्या केली. ॲमीने यानंतर जी धडपड केली तिच्या मुळाशी हे दुःख किती होते, ते कोण सांगणार? एवढे खरे की १९३० उजाडले तेव्हा कचेरीतली नोकरी सुटली होती आणि तिच्या डोक्यात एकच विचार होता. एकटीने ऑस्ट्रेलियाला जायचे.

हा विचार किती धाडसाचा, किंबहुना किती वेडेपणाचा होता, हे समजण्यासाठी थोडी मागची हकीकत सांगितली पाहिजे. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला पहिले विमान १९१९ साली पोहोचले. रॉस आणि कीथ हे स्मिथ बंधू आपल्या दोन यंत्रज्ञांसह मोठ्या दोन इंजिनांच्या विमानातून गेले आणि त्यांना अठ्ठावीस दिवस लागले. १९२८ मध्ये बर्ट हिंकलर एकटा गेला, त्याला साडेपंधरा दिवस लागले. बोटीने हाच प्रवास पाच-सहा आठवड्यांचा होता. हिंकलर मुरलेला वैमानिक, महायुद्धातला अनुभवी माणूस. आणि ॲमी? तिच्या नावावर जेमतेम ऐंशी-नव्वद तासांचे उड्डाण जमा होते आणि तोपर्यंतची तिची एकटीची सर्वांत लांब सफर म्हणजे लंडनहून माहेरी हलपर्यंत!

पैशासाठी तिने अनेकांची दारे ठोठावली. बहुतेक ठिकाणी नकार मिळाला. शेवटी वडिलांनी काही रक्कम दिली आणि तेलाचे मोठे व्यापारी लॉर्ड वेकफील्ड यांनी बाकीचा भार उचलला. सुमारे सहाशे पौंडांना एक जुने जिप्सी मॉथ विमान विकत घेतले गेले. दोन पंखांच्या जोड्या, लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड, शंभर अश्वशक्तीचे इंजिन आणि बसायला उघडी जागा. रंग हिरवा. वडिलांच्या मासळीच्या पेढीची जी व्यापारी खूण होती तिचेच नाव तिने विमानाला दिले, जेसन. ग्रीक पुराणातला जेसन सोनेरी लोकर आणायला समुद्रापार गेला होता. मासळीच्या डब्यावरचे हे नाव आता आकाशात जायचे होते.

मार्गही तिने स्वतःच आखला. हिंकलर इटली आणि उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याने वळसा घेऊन गेला होता. ॲमीने नकाशावर पट्टी ठेवून जमेल तितकी सरळ रेघ ओढली. व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, अलेप्पो, बगदाद, बंदर अब्बास, कराची. आमच्या सरांच्या दोऱ्याइतकी ती सरळ नव्हती. कारण तिच्या विमानाला दर हजार-बाराशे किलोमीटरांवर खाली उतरून पेट्रोल घ्यावे लागे, आणि जेथे पेट्रोल मिळेल तेथूनच वाट जाणार. दोरा उपाशी राहू शकतो, इंजिन राहू शकत नाही. म्हणून १३,८५० किलोमीटरांचे अंतर तिच्यासाठी सुमारे ११,००० मैलांचे, म्हणजे जवळजवळ १७,७०० किलोमीटरांचे झाले.

५ मे १९३० रोजी सकाळी लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरून तिने उड्डाण केले. निरोपाला वडील आणि मोजकी मंडळी. पेट्रोलाच्या जादा टाक्यांनी विमान इतके जड झाले होते की पहिल्या खेपेस ते जमीन सोडीना. दुसऱ्या खेपेस ते उठले. वर्तमानपत्रांनी या घटनेची फारशी दखल घेतली नाही. ती सव्वीस वर्षांची होती. जवळ रेडिओ नव्हता. होते ते नकाशे, होकायंत्र, एक पिस्तूल आणि विमानाच्या अंगाला बांधलेला एक जादा पंखा. जादा टाक्यांतले पेट्रोल वरच्या टाकीत हाताने पंप मारून चढवावे लागे. त्या वासाने तिला मळमळत असे, पण हात थांबवून चालत नसे.

पहिल्या दिवशी व्हिएन्ना, दुसऱ्या दिवशी कॉन्स्टँटिनोपल. तिसऱ्या दिवशी टॉरस पर्वत आडवा आला. ओझ्यामुळे विमान शिखरांच्या वर चढेना. तेव्हा खाली दिसणाऱ्या रेल्वेच्या रुळांचा माग धरून ती खिंडीत शिरली. मध्येच ढगांनी गाठले, दोन्ही बाजूंचे कडे दिसेनासे झाले. ढगातून बाहेर आली तेव्हा समोर कडाच होता, कसेबसे वळवून तिने विमान वाचवले. अलेप्पोहून बगदादकडे जाताना वाळूच्या वादळाने विमान झपाट्याने खाली खेचले. काही दिसत नसताना ती वाळवंटात उतरली. वाऱ्याने विमान ढकलले जाऊ लागले तेव्हा चाकांना सामानाचा अडसर लावला आणि हातात पिस्तूल घेऊन शेपटीवर बसून राहिली. दूरवर कुत्री भुंकत होती. आमच्या गावाबाहेरच्या फाट्यावर शेवटची एस.टी. चुकली असता कुत्र्यांच्या भुंकण्याने काय होते, ते मी जाणते. तिथे तर सभोवार वाळवंट होते! वादळ ओसरल्यावर तिने इंजिनावरची वाळू झटकली आणि बगदाद गाठले.

सहाव्या दिवशी, १० मे रोजी, ती कराचीला उतरली. हिंकलरला तेथपर्यंत आठ दिवस लागले होते. म्हणजे ती दोन दिवस पुढे होती. आता मात्र जग जागे झाले. ज्या वर्तमानपत्रांनी क्रॉयडनला पाठ फिरवली होती त्यांच्या पहिल्या पानावर ॲमी झळकू लागली.

येथून पुढची हकीकत वाचताना माझ्या मनात एक खळबळ झाली, ती मोकळेपणाने सांगते. ॲमी ज्या दिवशी क्रॉयडनहून निघाली त्याच दिवशी, ५ मेच्या पहाटेपूर्वी, दांडीजवळच्या कराडी गावी गांधीजींना अटक झाली होती. ती कराचीहून झाशी, अलाहाबाद, कलकत्ता असे टप्पे घेत होती त्याच आठवड्यात आपल्या सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला, ज्याची परिणती पुढे जानेवारी १९३१ मध्ये चार हुतात्म्यांच्या फाशीत झाली. ती जावा बेटात होती तेव्हा धारासण्याला मिठाच्या सत्याग्रहींची डोकी फुटत होती आणि सरोजिनी नायडू त्यांच्या पुढे उभ्या होत्या. इंग्रजी वर्तमानपत्रांना ॲमी साम्राज्याची कन्या म्हणून हवी होती. मग अशा मुलीचे कौतुक आपण करावे का? मी पुष्कळ विचार केला. ॲमीला त्या वेळी खाली काय चालले आहे याची कल्पना फारशी नसावी. ती ढगांशी आणि पेट्रोलाशी झुंजत होती. तिचे यश साम्राज्याने आपल्या खात्यावर मांडले, हा दोष मांडणाऱ्यांचा. तरीही तिची गोष्ट सांगताना त्या वेळच्या आपल्या माणसांना विसरून ती सांगू नये, असे मला वाटते.

आणि आपली माणसेही तेव्हा आकाशात होतीच! इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधले अंतर महिन्याच्या आत एकट्याने तोडणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकासाठी आगाखानांनी बक्षीस ठेवले होते. त्यासाठी मनमोहनसिंग, ॲस्पी इंजिनीअर आणि जे. आर. डी. टाटा या तिघांत चुरस होती. ॲस्पी इंग्लंडहून कराचीकडे आणि टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले होते. वाटेत इजिप्तमध्ये ॲस्पीचे विमान स्पार्क प्लगसाठी अडले होते, तेव्हा टाटांनी आपल्याजवळचे प्लग प्रतिस्पर्ध्याला दिले. ११ मे रोजी ॲस्पी कराचीला पोहोचला आणि बक्षीस त्याचे झाले. पुढे तो भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. टाटांनी १९३२ साली कराची-मुंबई हवाई टपाल सुरू केले, ते सर्वांना ठाऊकच आहे. ॲमी आणि ॲस्पी पूर्वेकडे, टाटा पश्चिमेकडे, एकाच महिन्यात, एकाच जातीच्या चिमुकल्या विमानांतून! साम्राज्याच्या वर्तमानपत्रांत हे चित्र पुरे उमटले नाही. आपण तरी ते पुरे पाहावे.

असो. कराचीहून निघालेली ॲमी अलाहाबादला जाणार होती, पण समोरून वारा आला. विमानाच्या प्रवासात अंतर नकाशावर ठरते, वेळ मात्र वारा ठरवतो. विमानाचा वेग ताशी एकशेतीस किलोमीटर आणि समोरचा वारा ताशी तीस, तर खालची जमीन ताशी शंभरनेच मागे जाते, आणि पेट्रोल मात्र तेवढेच जळते. पेट्रोल संपत आले तेव्हा ती झाशीच्या छावणीत कवायतीच्या मैदानावर उतरली. जागा अपुरी होती. विमान बराकींच्या दिशेने घुसले आणि पंख दुखावला. रातोरात डागडुजी करून ती अलाहाबादमार्गे कलकत्त्याला गेली.

कलकत्त्याहून रंगूनला जाताना पावसाने गाठले. रंगूनची शर्यतीची जागा समजून ती उतरली ती इन्सिन येथल्या एका तांत्रिक विद्यालयाच्या खेळाच्या मैदानावर. विमान पुढे जाऊन खड्ड्यात गेले. चाके, पंख आणि पुढचा पंखा, सगळ्यांची मोडतोड झाली. हिंकलरला मागे टाकण्याची आशा तेथेच मावळली. पण मला या सबंध प्रवासातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. त्या विद्यालयाचे शिक्षक आणि विद्यार्थी कामाला लागले. लोखंडी भाग त्यांनी कर्मशाळेत घडवले. पंखाचे कापड मिळेना, तेव्हा महायुद्धानंतर उरलेले विमानाचे कापड घेऊन कोणी त्याचे सदरे शिवले होते ते सदरे जमा करून पंखाला ठिगळे लावली! ॲमी स्वतः त्यांच्याबरोबर राबली. यंत्रज्ञाचा परवाना येथे कामी आला. तीन दिवसांत जेसन पुन्हा उडाला. जोडून ठेवलेला जादा पंखाही येथेच उपयोगी पडला.

पुढे बँकॉक, सिंगोरा, सिंगापूर. जावा बेटात एका साखर कारखान्याच्या आवारात उतरताना जमिनीत रोवलेल्या बांबूंनी पंखाचे कापड फाटले. तेव्हा जखमेला लावायची चिकटपट्टी त्यावर लावून तिने काम भागवले. तिमोर बेटावर अंधार पडता पडता ती वारुळांनी भरलेल्या एका माळावर उतरली आणि खेड्यातल्या लोकांच्या आश्रयाने तिने रात्र काढली. मग शेवटचा टप्पा, तिमोरचा समुद्र. सुमारे पाचशे मैल नुसते पाणी. इंजिन खोकले तर उतरायला वीतभर जमीन नाही. अर्ध्या वाटेवर एक तेलवाहू जहाज दिसले, तेव्हा दिशा बरोबर आहे अशी तिची खात्री झाली. २४ मे १९३० रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास डार्विनच्या धावपट्टीवर जेसनची चाके टेकली. एकटीने इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला विमानाने जाणारी ती पहिली स्त्री ठरली.

मी वहीच्या मागच्या पानावर एक गणित करून पाहिले. साडेएकोणीस दिवस म्हणजे ४६८ तास. १७,७०० किलोमीटरांना ४६८ ने भागले तर ताशी अडतीस किलोमीटर येतात. आमची गावाकडची लाल गाडी सगळे थांबे घेत जवळपास याच वेगाने येते! विमान तर ताशी एकशेतीसने उडत होते. मग बाकीचा वेळ गेला कोठे? तो गेला जमिनीवर. ठिगळे लावण्यात, पेट्रोल गाळण्यात, इंजिन साफ करण्यात, अंधार सरण्याची वाट पाहण्यात. रोज दिवसभर उडायचे, संध्याकाळी स्वतःच यंत्राची तपासणी करायची आणि जेमतेम तीनचार तास झोपून पहाटे पुन्हा निघायचे. आजच्या सतरा तासांत हे सारे दिसत नाही, कारण ते काम आता हजारो माणसांत वाटले गेले आहे. १९३० मध्ये ते एकटीच्या दोन हातांत होते.

यानंतरचे तिचे आयुष्य मी थोडक्यात सांगते. ऑस्ट्रेलियात तिचे प्रचंड स्वागत झाले. ब्रिस्बेनला उतरताना थकलेल्या ॲमीच्या हातून विमान उलटले, पण ती वाचली. ऑगस्टमध्ये ती मायदेशी परतली तेव्हा क्रॉयडनपासून लंडनपर्यंत रस्त्याच्या दुतर्फा लाखो लोक उभे होते. डेली मेल या वर्तमानपत्राने दहा हजार पौंड देऊ केले, सरकारने किताब दिला, तिच्यावर गाणी निघाली. पण दहा हजारांच्या बदल्यात गावोगाव मिरवणे होते. ज्या मुलीला लहानपणी हसायची लाज वाटे तिला आता रोज हजारो लोकांपुढे हसायचे होते. तिची प्रकृती ढासळली आणि तो दौरा अर्ध्यावर सोडावा लागला. वाळवंटातल्या वादळाने जे झाले नाही, ते सत्कारांनी झाले!

१९३१ मध्ये आपल्या जुन्या गुरूला, यंत्रज्ञ हंफ्रीज यांना, बरोबर घेऊन ती सैबेरियावरून टोकियोला गेली. त्यात लंडनहून मॉस्को तिने एका दिवसात गाठले. १९३२ मध्ये जिम मॉलिसन या नामांकित वैमानिकाशी तिने लग्न केले आणि त्याच वर्षी लंडन ते केपटाऊन हा त्याचाच विक्रम सुमारे साडेदहा तासांनी मोडला. १९३३ मध्ये दोघांनी मिळून अटलांटिक ओलांडला, पण न्यूयॉर्कच्या अलीकडेच पेट्रोल संपत आल्याने उतरताना विमान मोडले. १९३४ च्या इंग्लंड-मेलबर्न शर्यतीत हे जोडपे पुन्हा आपल्याकडे आले. कराचीपर्यंत त्यांनी विक्रमी वेळ नोंदवली. पुढे वाट चुकून जबलपूरला उतरले. तेथे विमानाच्या लायकीचे पेट्रोल नव्हते, बसगाड्यांचे पेट्रोल भरले आणि त्याने इंजिने बिघडली. अलाहाबादला शर्यत सोडावी लागली. संसारही असाच मध्येच थांबला. १९३८ मध्ये घटस्फोट झाला आणि तिने माहेरचे नाव परत घेतले. मधल्या काळात, १९३६ मध्ये, केपटाऊनचा विक्रम तिने पुन्हा एकदा स्वतःकडे घेतला होता. अभियंता स्त्रियांच्या संस्थेची ती अध्यक्षाही झाली होती. तिच्या या खटपटीकडे पाहून किती मुलींनी उचल खाल्ली असेल! आपल्याकडेही १९३६ साली लाहोरला सरला ठकराल या एकवीस वर्षांच्या मातेने साडी नेसून जिप्सी मॉथ उडवले आणि परवाना मिळवला.

दुसरे महायुद्ध सुरू झाले. कारखान्यातून निघालेली विमाने हवाई दलाच्या तळांवर पोहोचवण्याचे काम करणाऱ्या संघटनेत ॲमी १९४० मध्ये दाखल झाली. जगप्रसिद्ध वैमानिक असूनही ती इतरांसारखीच कामाला लागली, आणि स्त्री म्हणून पुरुषांपेक्षा कमी पगारावर.

५ जानेवारी १९४१. रविवार होता. स्कॉटलंडहून आणलेले एक दोन इंजिनांचे विमान घेऊन ती ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळच्या किडलिंग्टन तळाकडे निघाली. अंतर अडीचशे किलोमीटरांच्या आत. पुण्याहून सोलापूरला जाण्याइतके. तासा-सव्वातासाचे काम. हवा वाईट होती, खाली ढगांचा थर होता आणि विमानात रेडिओ नव्हता. तासाचे दोन झाले, दोनाचे तीन झाले. कित्येक तासांनी, आपल्या ठिकाणापासून पुष्कळ दूर, टेम्स नदीच्या मुखापाशी समुद्रावर, ती हवाई छत्रीने खाली येताना एका युद्धनौकेवरील खलाशांना दिसली. दोर टाकले गेले, पण गोठवणाऱ्या पाण्यात ते तिच्या हाती लागले नाहीत. त्या नौकेचे कप्तान वॉल्टर फ्लेचर यांनी तिला वाचवण्यासाठी समुद्रात उडी घेतली. त्यांनाही थंडीने गाठले आणि त्यांचा मृत्यू झाला. मरणोत्तर त्यांना पदक मिळाले. ॲमीचे थोडे सामान हाती आले. ती स्वतः कधीच सापडली नाही. वयाची सदतीस वर्षे पूर्ण झाली होती. तिच्या शेवटाविषयी पुढे पुष्कळ तर्क लढवले गेले, पण त्यांत शिरण्याची मला इच्छा नाही.

मला अस्वस्थ करते ती एकच गोष्ट. जिने १७,७०० किलोमीटर रेघ आणि होकायंत्र यांच्या जोरावर बिनचूक पार केले, ती अडीचशे किलोमीटरांत हरवली. सरांनी शिकवलेला दोरा दोन ठिकाणांमधले अंतर सांगतो. ते अंतर पार होईल की नाही, हे दोऱ्याला ठाऊक नसते. हवेचा एक दिवस, ढगाचा एक थर मध्ये आला की जवळचे गाव ऑस्ट्रेलियाहून दूर होते. उलट मनाने घेतले की कचेरीतल्या टंकलेखन यंत्रापासून डार्विनपर्यंतचे अंतर दोनच वर्षांत तुटते. १९२८ च्या सप्टेंबरात पहिला धडा आणि १९३० च्या मेमध्ये ऑस्ट्रेलिया!

तिचे हिरवे विमान लंडनच्या विज्ञान संग्रहालयात ठेवलेले आहे. क्रॉयडनचा विमानतळ १९५९ मध्ये बंद झाला. मी लंडनला कधी जाईन की नाही, कोण जाणे. पण इन्सिनच्या त्या विद्यार्थ्यांप्रमाणे, कोणाच्या तरी फाटलेल्या पंखाला आपल्या सदऱ्याचे ठिगळ लावण्याची संधी प्रत्येकाला केव्हा ना केव्हा मिळतेच. तेव्हा सदरा द्यायची तयारी असावी.

बी. ए. होऊन काय करणार, असे मला घरीदारी पुष्कळजण विचारतात. माझ्याजवळ अजून उत्तर नाही. पण टायपिंगच्या क्लासहून परतताना गावावरून एखादे विमान दिवे मिचकावीत गेले की मी आता मान वर करून ते दिसेनासे होईपर्यंत पाहते. ते कोठून कोठे चालले असेल, अंतर किती असेल, वेळ किती लागेल, असा हिशेब मनात सुरू होतो. आणि मग आठवते की त्या वाटेवर आधी एक बी. ए. झालेली टंकलेखिका हाताने पंप मारीत, मळमळ सोशीत, एकटी गेली होती.